पाऊण तास बस नाही, आणि तक्रार मात्र ‘निकाली’

ताई,

मी ४४ वर्षांची आहे. एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. घर शहराच्या एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या टोकाला. लग्न झाल्यापासून महापालिकेच्या बसनंच जाते-येते. आमच्या मार्गावर वेळापत्रकाप्रमाणे दर वीस मिनिटांनी बस आहे. प्रत्यक्षात सकाळी पाऊण-पाऊण तास येत नाही आणि मग दोन एकदम येतात. पहिली दारापर्यंत लोंबकळलेली, दुसरी थांब्यावर थांबतच नाही. अ‍ॅपवर ‘३ मिनिटांत’ म्हणून दिसणारी बस बघता बघता गायब होते. ऑफिसात लेटमार्क लागतात. तीन लागले की अर्धी रजा गेली.

तक्रारी केल्या. हेल्पलाइनवर केल्या, अ‍ॅपवर केल्या, डेपोत जाऊन लेखी दिली. दर वेळी मोबाइलवर मेसेज येतो, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ काय निकाली काढलं ते कुणी सांगत नाही. डेपोतले साहेब म्हणाले, ‘मॅडम, गाड्याच नाहीत, आम्ही तरी काय करणार?’

परवा माझा तोल गेला. बसमध्ये चढल्या चढल्या कंडक्टर बाईंवर ओरडले. त्या म्हणाल्या, ‘माझ्या हातात असतं तर दहा गाड्या सोडल्या असत्या. माझ्या हातात तिकिटाचं मशीन आहे फक्त.’ सगळी बस बघत होती. रात्री झोप लागली नाही.

नवरा म्हणतो, तू एकटी ओरडून काय होणार? मुलगा म्हणतो, स्कूटर घे आणि विषय संपव. मला रहदारीत गाडी चालवायची भीती वाटते, आणि त्याहून जास्त असं वाटतं की माघार आपण का घ्यायची? मी हट्टीपणा करतेय का? आणि नसेन करत, तर नेमकं काय करू?

थांब्यावरची


प्रिय थांब्यावरची,

तुमच्या शहराचं आणि मार्गाचं नाव मी छापलेलं नाही. एक तर तुमची ओळख पटू नये म्हणून, आणि दुसरं म्हणजे हेच पत्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या महापालिकेच्या हद्दीतून येऊ शकलं असतं.

आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. हा हट्टीपणा नाही. ज्या सेवेचं तुम्ही तिकीट काढता, जिच्यासाठी तुमच्या करातूनही पैसे जातात, ती तिनंच छापलेल्या वेळेला मिळावी एवढंच तुम्ही मागताय. यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काहीही नाही. वार्ताहर असताना मी परिवहन समितीच्या बैठकांना बरीच वर्षं बसले आहे. तिथे एक गोष्ट सारखी जाणवायची. बसनं येणाऱ्या माणसाबद्दल बोलताना लोकांचा सूर उपकाराचा असायचा. ‘इतक्या स्वस्तात नेतो, अजून काय पाहिजे?’ हा सूर तुमच्याही कानावर इतक्या वेळा पडलाय की आपलं मागणं जास्तीचं आहे की काय, अशी शंका तुम्हालाच यायला लागली आहे. ती शंका काढून टाका.

कंडक्टर बाईंचं म्हणाल, तर पुन्हा भेटल्या की ‘त्या दिवशी चुकलं माझं, राग तुमच्यावर नव्हता’ एवढं सांगा आणि सोडून द्या. त्या विसरल्याही असतील, कारण असं त्यांना दिवसातून अनेकदा ऐकावं लागतं. बस उशिरा आली की शेवटच्या थांब्यावरची त्यांची विश्रांती बुडते. डबा खायची वेळ तीच असते आणि स्वच्छतागृहात जायचीही तीच. कित्येक शेवटच्या थांब्यांवर बायकांसाठी स्वच्छतागृहच नाही. पण त्या जे बोलल्या ते मात्र नीट लक्षात ठेवा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. गाडी सोडायची की नाही हे ज्याच्या हातात आहे तो माणूस बसमध्ये नसतो, थांब्यावर नसतो, आणि हेल्पलाइनचा फोन उचलणाराही तो नसतो.

तो कुठे असतो, ते सांगते.

पहाटे पाचच्या सुमाराला एखाद्या डेपोत गेलात तर कंट्रोलरच्या खिडकीपाशी ड्युटी लावण्याची लगबग दिसते. समोर मोठं रजिस्टर किंवा संगणकाचा पडदा. एका बाजूला शेड्यूलचे नंबर, म्हणजे आज कोणत्या मार्गावर किती गाड्या निघायच्या ते. दुसऱ्या बाजूला गाडीचा नंबर, चालक आणि वाहक. दोन चालक आलेले नाहीत. एका गाडीचं एअर प्रेशर रात्रीपासून उतरतंय. तिसरी गाडी चार्जिंगला उशिरा लागली. कंट्रोलरला पाच-दहा मिनिटांत ठरवायचं असतं की आज कोणतं शेड्यूल काढायचं नाही. मी हे जिथे बघितलं त्या डेपोतल्या कंट्रोलरना विचारलं की कोणत्या मार्गाची गाडी कापायची ते तुम्ही कसं ठरवता? त्यांनी न लपवता सांगितलं, ‘जिथून फोन येत नाहीत तिथली.’ नगरसेवकाचा वॉर्ड, मोठं कॉलेज, रेल्वे स्टेशन इथल्या गाड्यांना हात लावत नाहीत, कारण दहा मिनिटांत वरून विचारणा होते. तुमच्यासारख्या वस्तीतून ऑफिसला जाणाऱ्या मार्गावरची फेरी कापली, तर रांगेतली माणसं चडफडतात आणि रिक्षा करतात.

आता दोन बस एकदम का येतात ते बघा. मधली एक फेरी कापली गेली की पुढच्या गाडीला दुप्पट माणसं चढवावी लागतात. प्रत्येक थांब्यावर ती जास्त वेळ थांबते, आणखी उशीर होतो, आणखी गर्दी साठते. तिच्या मागची गाडी मात्र रिकामे थांबे घेत सुसाट येते आणि तिला गाठते. यात चालकाचा आळशीपणा नसतो. सकाळी डेपोत कापलेली एक फेरी दुपारपर्यंत अख्खा मार्ग अशी विस्कटून टाकते. गंमत अशी नाही, दुःख असं आहे की हे सगळं डेपोत माहीत असतं. गाड्यांना जीपीएस आहे, कंट्रोल रूम आहे. पुढच्या गाडीला थांबे वगळायला सांगणं, मागच्या गाडीला पाच मिनिटं रोखणं, हे तिथूनच व्हायला हवं. त्यासाठी कंट्रोल रूममध्ये अधिकार असलेला माणूस बसलेला लागतो, नुसता पडदा लावून भागत नाही.

दुसरी गाडी थांब्यावर न थांबता गेली, त्याचं कारण आणखी वेगळं आहे, आणि ते तुमच्या तक्रारीत कधी आलेलंच नसणार. आज शहरांतल्या बऱ्याच बस महापालिकेच्या मालकीच्या नसतात. त्या भाडेतत्त्वावर घेतलेल्या असतात. गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, वाहक महापालिकेच्या सेवेचा. ठेकेदाराला पैसे मिळतात ते किलोमीटरवर. बसमध्ये किती माणसं बसली याच्याशी त्याच्या बिलाचा संबंध नाही. थांब्यावर थांबलं काय, न थांबलं काय, किलोमीटर तेवढेच पडतात. म्हणून या करारांत दंडाची कलमं घातलेली असतात: थांबा चुकवला, फेरी बुडवली, गाडी अस्वच्छ, ब्रेकडाऊन. कागदावर ही कलमं चांगली असतात. ती लावायची कुणी, हा प्रश्न आहे. थांबा चुकल्याची नोंद झाली नाही तर दंड नाही, आणि नोंद व्हायची तर तक्रारीत गाडीचा नंबर, थांब्याचं नाव आणि वेळ हवी. ‘बस थांबत नाहीत’ अशी तक्रार आली की ‘चालकांना समज देण्यात आली’ असं लिहून ती खरोखरच निकाली निघते.

ठेकेदारी आली की सगळं वाईटच होतं, असं मी म्हणणार नाही. नवीन विजेच्या गाड्या याच वाटेनं आल्या आणि त्यातला गारवा तुम्हालाही हवासा वाटत असणार. पण चालकाची नेमणूक, त्याचा पगार आणि त्याचं प्रशिक्षण महापालिकेच्या हातून गेलं, ही साधी गोष्ट नाही. मुंबईत ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला ठेकेदारांच्या चालकांनी पगारासाठी काम थांबवलं तेव्हा शेकडो गाड्या रस्त्यावर आल्याच नाहीत. आणि ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात भाडेतत्त्वावरची बस गर्दीत घुसून माणसं गेली, तेव्हा विजेच्या मोठ्या गाडीवर बसवण्याआधी चालकाला किती दिवस शिकवलं जातं, हा प्रश्न सगळ्या राज्याला पडला. तो प्रश्न आधी कुणीतरी समितीच्या टेबलावर ठेवायला हवा होता.

‘गाड्याच नाहीत’ असं डेपोतले साहेब म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत. पण ‘का नाहीत’ हे त्यांनी सांगितलं नाही, आणि बहुधा ते सांगणं त्यांच्या पायरीवर नाहीच. यासाठी मुंबईचं उदाहरण देते, कारण ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलंय.

बेस्ट म्हणजे वीज आणि बस दोन्ही चालवणारा उपक्रम. अनेक वर्षं शहर भागातल्या विजेच्या कमाईतून बसचा तोटा भरून निघत असे. २००३ च्या वीज कायद्यानंतर विजेचा हिशेब नियामक आयोगाच्या चौकटीत गेला, वाद झाले, आणि ती व्यवस्था टिकली नाही. मग बसचा सगळा भार तिकिटावर आणि महापालिकेच्या मदतीवर आला. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ५ रुपयांवर आणलं. लोक खरंच परत आले, रांगा वाढल्या. पण स्वतःच्या जुन्या गाड्या आयुष्य संपून भंगारात निघत होत्या आणि त्यांच्या जागी नवीन विकत घेतल्या जात नव्हत्या. भाड्याच्या यायच्या त्या उशिरा येत होत्या. एके काळी चार हजारांवर असलेला ताफा आज तीन हजारांच्याही खाली आहे. ९ मे २०२५ पासून किमान भाडं साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये झालं. म्हणजे भाडं दुप्पट झालं आणि थांब्यावरचा वेळही वाढला.

केंद्राच्या नगरविकास खात्यानं ठरवलेली मानकं आहेत. हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा त्याहून जास्त बस असतील तर सर्वांत चांगली पातळी, ०.२ च्या खाली गेलं तर सर्वांत वाईट. २०११ च्या जनगणनेची १ कोटी २४ लाखांची मुंबई धरली तरी चांगल्या पातळीला साडेसात हजारांच्या आसपास बस लागतात. तुमच्या शहराची लोकसंख्या घ्या, ०.६ नं गुणा, हजारानं भागा. अकाउंट्समध्ये आहात, दोन मिनिटांचं काम आहे. तो आकडा आणि रस्त्यावर प्रत्यक्ष धावणाऱ्या बसचा आकडा शेजारी शेजारी लिहा. ‘प्रत्यक्ष धावणाऱ्या’ म्हणतेय, ‘ताफ्यात असलेल्या’ नाही. या दोन्हींत नेहमी फरक असतो आणि पत्रकार परिषदेत नेहमी मोठा आकडा सांगतात.

हे सगळं कुणाच्या सहीनं ठरतं? इथे तुमच्या शहरात कोणती रचना आहे ते आधी शोधावं लागेल. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये २००७ साली दोन्ही महापालिकांच्या बससेवा एकत्र करून कंपनी काढली, पीएमपीएमएल. तूट पुणे महापालिकेनं ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडनं ४० टक्के भरायची, असं ठरलं. तिथे अध्यक्ष म्हणून सनदी अधिकारी येतात आणि बहुतेक जण मुदत संपायच्या आत बदलून जातात. तुकाराम मुंढे मार्च २०१७ मध्ये आले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये गेले. त्यांच्या कामाविषयी पुणेकरांत दोन मतं आहेत, पण वर्षभराच्या आत अध्यक्ष बदलणाऱ्या संस्थेत पाच वर्षांचा ताफा कोण आखणार? नवीन साहेबांना विषय समजेपर्यंत निरोप समारंभाची वेळ येते. मला या सगळ्या कारभारात सर्वांत जास्त खटकते ती ही गोष्ट. तोटा, ठेकेदार, जुन्या गाड्या, सगळ्यावर उपाय निघू शकतात, पण उपाय काढणारा माणूस खुर्चीत टिकला तर.

ठाणे, नवी मुंबई, कोल्हापूर अशा ठिकाणी रचना वेगळी आहे. तिथे महापालिकेचा परिवहन उपक्रम, परिवहन व्यवस्थापक आणि वर परिवहन समिती. या समितीबद्दल फार कमी लोकांना माहीत असलेली एक गोष्ट सांगते. कायद्यानुसार तिचे सदस्य नगरसेवकच असले पाहिजेत असं नाही. प्रशासन, वाहतूक, अभियांत्रिकी, अर्थकारण, कामगार प्रश्न यांचा अनुभव असलेल्या बाहेरच्या माणसालाही तिथे घेता येतं. प्रत्यक्षात या जागांवर पक्षातल्या नाराजांची सोय लावली जाते. बसनं रोज प्रवास करणारं एक माणूस तिथे बसलेलं असावं, ही मागणी कायद्याच्या पूर्ण चौकटीत बसते, आणि ती मोठ्यानं करायला हवी.

मधली काही वर्षं तर बऱ्याच ठिकाणी ही समितीही नव्हती. निवडणुका लांबल्या, महापालिकांवर प्रशासक बसले. मुंबईत आणि पुण्यात मार्च २०२२ पासून, नवी मुंबईत त्याहून आधीपासून. तुमच्या तक्रारी ज्या काळात ‘निकाली’ निघाल्या त्या काळात जाब विचारणारं सभागृहच नव्हतं. आता जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या आहेत. तुमच्या प्रभागात मत मागायला आलेली माणसं आता निवडून आलेली आहेत, त्यांचा फोन लागतो. कंट्रोलरनं सांगितलेलं आठवा: जिथून फोन येतात तिथल्या फेऱ्या कापल्या जात नाहीत.

तर आता काय करायचं. तक्रार बंद करू नका, तक्रारीचा प्रकार बदला.

रांगेत तुमच्याबरोबर रोज दिसणारी चार-पाच माणसं असतीलच. सात पन्नासच्या बसच्या वर्गमैत्रिणी म्हणा. त्यांना म्हणा, मोर्चा काढायचा नाही, भाषण करायचं नाही, दोन आठवडे फक्त लिहायचं. एक छोटी वही किंवा मोबाइलवरचा गट. थांब्यावर किती वाजता आलो, बस किती वाजता आली, गाडीचा नंबर, थांबली की नाही. तिकीट फेकू नका. मशीनच्या तिकिटावर तारीख, वेळ आणि मार्ग छापलेला असतो. तीच तुमची पावती आणि तोच पुरावा. शाई लवकर उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. नवरोबा म्हणतात एकटीनं काय होणार. त्यांचं बरोबर आहे, एकटीचं होत नाही. म्हणूनच ही पाच माणसं. पाच जणांची एकाच मार्गाची, तारीखवार, नंबरासकट नोंद समोर आली की ‘समज देण्यात आली’ असं लिहून फाइल बंद करणं अवघड जातं.

मग माहिती अधिकाराचा एक अर्ज. यात लोक बहुतेक वेळा गडबड करतात. ‘बस उशिरा का येतात?’ असं विचारतात. ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कागदावर जे आहे तेच मिळतं. तेव्हा कागद मागा. ठरवलेल्या फेऱ्या किती, झाल्या किती, रद्द किती आणि रद्द होण्याच्या कारणांची नोंद. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून दंडाची माहिती वेगळ्या अर्जात मागा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. ‘माहिती विस्तृत आहे’ असं कळवलं तर ‘मी कार्यालयात येऊन अभिलेख पाहीन’ असं लिहून द्या. तोही अधिकार कायद्यात आहे, आणि रजिस्टर समोर ठेवावं लागणार म्हटल्यावर बऱ्याचदा प्रती आपोआप निघतात.

हा कागद हातात आला की डेपोत जाऊ नका. नगरसेवकाकडे जा, आणि अंदाजपत्रक व्हायच्या आधी जा. बससेवेला यंदा किती द्यायचं हे तिथे ठरतं, आणि त्या चर्चेत उड्डाणपुलाची बाजू मांडणारे पुष्कळ असतात. नगरसेवकाच्या हातात एकच पान द्या, त्यावर एकाच मार्गाचे आकडे. शंभर मार्गांचा प्रश्न मांडलात तर ते सहानुभूती दाखवतील. एका मार्गाचा मांडलात तर फोन लावतील.

लेटमार्कचं वेगळं बोलायला हवं, कारण पैसे तिथे जातायत. तुमच्या ऑफिसात बसनं येणारी तुम्ही एकट्याच नसणार. शिपाई, हाउसकीपिंगच्या बायका, नवीन लागलेली मुलं, सगळी त्याच रस्त्यानं येतात. हीच वही एचआरसमोर ठेवून अर्ध्या तासाची सवलत मागा: उशिरा आलात तर तेवढं उशिरा थांबायचं. हिशेबाच्या कामात महिनाअखेर सोडली तर हे जमण्यासारखं असतं. विनवणी म्हणून नका मागू, प्रस्ताव म्हणून मागा.

राहिली स्कूटर. मुलाचा जीव तुटतो म्हणून तो म्हणतो, त्याच्यावर रागावू नका. पण तुम्हाला रहदारीची भीती वाटते, ती भीती खरी आहे आणि आपल्या रस्त्यांकडे बघता शहाणपणाची आहे. कुणाच्या आग्रहाखातर चाळिशीनंतर रोज दुतर्फा गर्दीत दुचाकी घालायची काही गरज नाही. उद्या घरात आजारपण आलं, रात्री-अपरात्री धावायची वेळ आली आणि तुम्हाला ती हवीशी वाटली, तर खुशाल घ्या. त्यात बसशी बेइमानी वगैरे काही नाही. शेअर रिक्षानं जाणं हीसुद्धा माघार नाही. मला काळजी वेगळी आहे. शहरात गेल्या वीस वर्षांत ज्यांना परवडलं ते बसमधून उतरले. जाताना आपला आवाजही घेऊन गेले. फोन करणारी, पत्र लिहिणारी, साहेबांना ओळखणारी माणसं उतरली, आणि मागे उरली ती धुणीभांडी करणारी, वॉचमन, शाळकरी पोरं, पंच्याहत्तरीचे आजोबा, ज्यांच्याकडे तक्रार करायला वेळ नाही आणि केली तर ऐकून घेणारं कुणी नाही. तुम्हाला अर्ज लिहिता येतो, आकडे वाचता येतात, आणि तुम्ही अजून बसमध्ये आहात. असा प्रवासी कुठल्याही परिवहन सेवेला फार जड जातो. म्हणून स्वार्थानं सांगते, एवढा एक अर्ज करून बघा, मग स्कूटरचं ठरवा.

एक सांभाळा. हे सगळं करताना रोज सकाळी जीव जाळून घेऊ नका. तक्रारीला महिन्यातला एक दिवस द्या. बाकीचे दिवस बस आली नाही तर नोंद करा, रिक्षा करा आणि कामाला लागा. चिडचिड घेऊन ऑफिसात शिरलात तर त्याचा तोटा परिवहन व्यवस्थापकाला होत नाही, तुम्हाला होतो.

अर्जाचा मजकूर तयार करून देते, रिकाम्या जागा भरा: ‘मार्ग क्रमांक ___ संदर्भात दिनांक ___ ते ___ या एक महिन्याच्या कालावधीतील पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. १) या मार्गासाठी मंजूर वेळापत्रक. २) दिवसनिहाय नियोजित फेऱ्या, प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या व रद्द झालेल्या फेऱ्या. ३) रद्द झालेल्या प्रत्येक फेरीचे नोंदवहीतील कारण.’ वर ‘जन माहिती अधिकारी’ आणि तुमच्या परिवहन कार्यालयाचा पत्ता, खाली सही, तारीख, पत्ता. दोन प्रती न्या. एक आत द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. उत्तर आलं की त्याची प्रत मला पाठवा, पुढचं पत्र त्यावरच लिहू.